मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचं?

कोसोव्होच्या दक्षिण टोकाला शार पर्वतात ड्रागाश ही डोंगरी नगरपालिका आहे. तिथले अल्बेनियन आणि गोरानी, दोघेही मुसलमान. भाषा मात्र वेगळ्या. गोरानींची बोली स्लाव्ह कुळातली. ते तिला 'नाशिन्स्की', म्हणजे 'आपली', म्हणतात. २०११ च्या जनगणनेत तिथल्या सुमारे नऊ हजार लोकांनी स्वतःला गोरानी म्हटलं आणि चार हजारांनी बोस्नियाक. मुलांनी सर्बियाचा अभ्यासक्रम शिकायचा की कोसोव्होचा, यावरूनही वाद झाले.

जयगडच्या माणसाला यात नवल वाटू नये. आपल्या घरात कोकणी, मदरशात अरबी, शाळेत उर्दू, एसटीत मराठी. तरी जनगणनेवाला दारात आला की आपल्यातले कितीतरी जण मातृभाषा 'उर्दू' सांगून मोकळे होतात. का? उर्दू म्हणजे मुसलमान, हे डोक्यात पक्कं बसलंय म्हणून. गोरानी उर्दूशिवायच मुसलमान आहेत की!

मी उर्दू शिकवतो, तिच्यावर घर चालतं. आकडा घटला तर उर्दू शाळा जातील, ही भीतीही मला कळते. पण शाळा टिकते ती पटावर, आणि पट आपणच आपली मुलं इंग्रजी माध्यमात घालून घटवतोय. शिवाय २०११ च्या फॉर्मात मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषांची सोय होती. तिथे उर्दू आणि मराठी सांगा. पहिल्या रकान्यात अम्मी ज्या बोलीत रागावते, ती सांगा.