दुरुस्ती स्वस्त, तपासणी महाग

उत्तरेला सावित्री आणि दक्षिणेच्या अंगाला भारजा अशा दोन नद्यांच्या मधल्या मंडणगड तालुक्याचे कोणतेही वर्णन ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या दोन्ही शब्दांवाचून पुरे होत नाही. छापील कागदावर त्यांच्यातला फरक शाळकरी मुलालाही दिसतो. संगणकाच्या साठवणुकीत मात्र पहिला शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याला हलंत आणि ‘य’ जोडतात; दुसरीत साधा ‘र’, हलंत, मग ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह आणि त्यानंतर ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांत मात्र ते समतुल्य मानलेले नाहीत, आणि त्यामुळे वेगळी तजवीज केलेली नसेल तिथे ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द एका पद्धतीने टंकून शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने साठवलेला तोच शब्द सापडत नाही.

समजा, मंडणगडच्या एखाद्या विद्यार्थ्याला ही त्रुटी मजकूर शोधणाऱ्या एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीत आढळली आणि त्याने तीन ओळींची दुरुस्ती पाठवली: अदृश्य चिन्हे गाळा, नुक्ते (अक्षरांखालची टिंबे) गाळा, मग तुलना करा. ‘ऱ’ हे चिन्ह युनिकोडच्या हिशेबात ‘र’ अधिक नुक्ता असेच असल्यामुळे दोन्ही रूपे आता एकाच अक्षरक्रमावर येतात, शोध लागतो, सोबत जोडलेली टेस्टही पास होते. पण या वाटेने ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होतात, तसेच स्वयंपाक करणारा आचारी आणि पाठशाळेतला आचार्य यांची विभक्तीरूपेही एक होतात. केवळ शोधाच्या अनुक्रमणिकेत हे खपून जाईल, कारण तिथे चार निकाल जास्त आले इतकेच होईल. पण तेच फंक्शन उद्या कोणी मजकूर साठवण्याच्या मार्गावर वापरले, तर मूळ लेखनच बदलते आणि ते परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. योग्य दुरुस्तीही फार मोठी नाही. ‘र’, हलंत आणि जॉइनर या क्रमानंतर ‘य’ किंवा ‘ह’ आला, तर त्या क्रमाच्या जागी ‘ऱ’ आणि हलंत ठेवायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. दोन्ही दुरुस्त्या लिहायला लागणारा वेळ जवळपास सारखा. त्यांतली कोणती बरोबर हे ठरवायला मात्र मराठी लेखन आणि त्या कोडचे इतर वापर ही दोन्ही माहीत असलेला माणूस लागतो. असा माणूस त्या प्रकल्पात असेलच असे नाही, आणि असला तर बहुधा एकच असतो.

लिहिण्याची किंमत आणि तपासण्याची किंमत यांच्यातली ही विषमता ओपन सोर्सइतकीच जुनी आहे. तिचे सर्वांत बोलके उदाहरण डेबियन या लिनक्स प्रणालीचे. २००६ मध्ये डेबियनच्या एका विकसकाने ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या दोन ओळी निष्क्रिय केल्या, कारण व्हॅलग्राइंड हे तपासणीचे साधन त्यांच्यावरून इशारे देत होते. त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना आधी विचारले होते आणि त्यांच्याकडून हरकत आली नव्हती. प्रत्यक्षात त्या ओळींतूनच यादृच्छिकता आत येत होती. त्या गेल्यावर किल्ली ठरवणारी बदलती गोष्ट म्हणून जवळपास फक्त प्रोसेस क्रमांक उरला, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीसाठी सुमारे बत्तीस हजार शक्यता. मे २००८ मध्ये हे उघडकीला येईपर्यंत डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूवर तयार झालेल्या असंख्य किल्ल्या कोणालाही मोजून काढता येतील अशा होत्या. इथे ना कोणाचा दुष्ट हेतू होता, ना आळस. विचारणासुद्धा झाली होती. दुरुस्ती छोटी असली म्हणजे तिचा परिणामही छोटा असेल, हे गृहीतक चुकले.

असे असूनही ही व्यवस्था इतकी वर्षे चालली, याचे कारण लिहिणेही तेव्हा पुरेसे महाग होते. पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवायचा तर मूळ कोड उतरवून घ्यावा लागे, तो आपल्या यंत्रावर उभा करावा लागे, त्रुटी पुन्हा घडवून दाखवावी लागे. एवढे करणाऱ्या माणसाने समस्या निदान वाचलेली असणार, असा अंदाज मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, बांधता येई. पॅच बरोबर असो वा चूक, त्यामागच्या श्रमांतूनच पाठवणाऱ्याचे गांभीर्य कळत असे. त्या अर्थाने श्रम हीच पहिली चाळणी होती, आणि ती कोणी मुद्दाम बसवलेली नसल्यामुळे ती काढली जात असताना फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

ती दोन टप्प्यांत गेली. पहिला टप्पा प्रोत्साहनांचा. डिजिटलओशन कंपनी २०१४ पासून ऑक्टोबर महिन्यात ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्ट (दुरुस्ती स्वीकारण्याच्या विनंत्या) पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. त्या वर्षी महिना उजाडताच शेकडो प्रकल्पांवर ‘रीडमी’ फाइलीत एखादे विशेषण वाढवणाऱ्या पुल रिक्वेस्ट येऊन आदळल्या, आणि आयोजकांना पहिल्या आठवड्यातच नियम बदलून, ज्यांची संमती आहे तेवढेच प्रकल्प धरायचे असे ठरवावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पावरही असाच लोंढा आला. पुल रिक्वेस्ट कशी करावी हे शिकवणाऱ्या व्हिडिओत उदाहरणादाखल तो प्रकल्प दाखवला होता, आणि पाहणाऱ्यांनी आपापली नावे त्याच्या ‘रीडमी’त घालून पाठवली. दोन्ही वेळा उगमाशी भारतातल्या लोकप्रिय शिकवण्या होत्या, ही गोष्ट आपण टाळून पुढे जाऊ नये. ज्या नोकरीच्या बाजारात पदवीला किंमत उरलेली नाही आणि गिटहबवरचे योगदान दाखवणारे हिरवे चौकोन मुलाखतीत विचारले जातात, तिथे दुरुस्ती हे प्रमाणपत्राचे साधन होणे अटळ होते. गूगल समर ऑफ कोड या उपक्रमासाठी अर्ज करणाऱ्यांकडून आधी एखादी छोटी दुरुस्ती करून मागण्याची अनेक संस्थांची प्रथा मुळात चांगल्या हेतूची. पण तिनेही त्याच मागणीत भर घातली. विद्यार्थ्यांना दोष देऊन इथे काही साधत नाही. ते त्यांच्यासमोर ठेवलेल्या मोजपट्टीप्रमाणे वागत आहेत.

दुसरा टप्पा कोड लिहून देणाऱ्या भाषिक प्रतिमानांचा (लँग्वेज मॉडेल), आणि तो अधिक खोलवर जातो. पूर्वीची निरर्थक पुल रिक्वेस्ट एका नजरेत ओळखू येई. आताची नीटनेटकी असते, तिच्यासोबत टेस्ट असते, स्पष्टीकरण असते, आणि ती चूक आहे हे कळायला तीही पूर्ण वाचावी लागते. कर्ल या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाने सुरक्षेतल्या त्रुटी कळवणाऱ्यांना बक्षीस देण्याची २०१९ पासूनची योजना जानेवारी २०२६ च्या अखेरीस बंद केली. यंत्राकडून लिहून घेतलेल्या, वरवर अभ्यासू आणि आतून पोकळ अहवालांचा भार छोट्या चमूला पेलेना, हे त्यामागचे मुख्य कारण. त्रुटीचा अहवाल आणि दुरुस्ती या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे, पण तपासणाऱ्याच्या वेळेवर पडणारा बोजा दोन्हींत एकाच रीतीने वाढतो.

यंत्र लिहिते तर यंत्रच तपासेल, असा एक युक्तिवाद यावर केला जातो, आणि तो सरसकट फेटाळण्याजोगा नाही. प्रचलित भाषांमधल्या प्रचलित चुका अशी साधने पकडतात आणि पुढे अधिक पकडतील. पण देवनागरी म्हणजे हिंदी हे गृहीतक ज्या मजकुरात सर्वत्र मुरलेले आहे, त्यावर घडलेल्या साधनाकडून ‘नुक्ते गाळा’ ही सूचना निरुपद्रवी ठरवली जाण्याची शक्यताच जास्त, कारण हिंदीत नुक्ता गाळूनही शब्द बहुधा ओळखता येतो. लिहिणारा आणि तपासणारा एकाच साच्यातून आलेले असतील, तर दोघांची चूक एकाच जागी होते. अशा वेळी दुसऱ्या तपासणीने खात्री न वाढता फक्त खात्रीचा भास वाढतो.

आता मेंटेनरच्या जागी बसून पाहावे. आलेल्या ढिगातले बहुतांश टाकाऊ आहे, पण कोणते ते वाचल्याशिवाय कळत नाही, आणि वाचायला वेळ नाही. मजकुरावरून निवड करणे परवडत नसेल, तर पाठवणाऱ्यावरून करणे एवढाच पर्याय राहतो. एसक्यूलाइट या डेटाबेस प्रकल्पाने हा मार्ग फार पूर्वीच पत्करला: कोड सर्वांना खुला, बाहेरच्यांचे योगदान सर्वसाधारणपणे बंद. जेंटू आणि नेटबीएसडी या प्रकल्पांनी २०२४ मध्ये यंत्रनिर्मित कोडवर निर्बंध घातले, पण तो यंत्रनिर्मित आहे की नाही हे सिद्ध करण्याची खात्रीची चाचणी कोणाकडेच नसल्यामुळे प्रत्यक्षात तोही विश्वास कोणावर ठेवायचा याचाच प्रश्न ठरतो. म्हणजे पुढची दिशा बरीच स्पष्ट आहे. ओळखीच्यांचे आधी वाचायचे. अनोळखी माणसाने आधीच आत असलेल्या कोणाची तरी हमी आणायची.

मंडणगड ज्यात येते त्या रत्नागिरी जिल्ह्याला ही पद्धत नवी नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांना या जिल्ह्याने सर्वाधिक माणसे पुरवली, आणि त्यांतले कितीतरी जॉबरच्या ओळखीने आत गेले. कोणाला साच्यावर घ्यायचे हे जॉबर ठरवी, गावचा किंवा भावकीतला माणूस असेल तर दार उघडे, नसेल तर दस्तुरी. ही व्यवस्था टिकली याचे कारण मालकांच्या दृष्टीने ती स्वस्त होती. हजारो अनोळखी माणसांची पारख करण्याचा खर्च ती वाचवत असे. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवणारी योजना आणून जॉबरचा हात आखडता करण्याचा प्रयत्न केला, तोवर अनेक पिढ्यांचे नशीब त्या हमीवर ठरून गेले होते. ओपन सोर्सचे वैशिष्ट्य हेच होते की तिथे जॉबर लागत नसे. मंडणगडहून पाठवलेला पॅच आणि म्युनिकहून पाठवलेला पॅच निदान तत्त्वतः एकाच रांगेत वाचले जात. व्यवहारात तेव्हाही इंग्रजीची, फुरसतीची आणि विजेची विषमता होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण हमी ही अट नव्हती.

आणि हमीसुद्धा सुरक्षित नाही. एक्सझेड या माहितीचा आकार दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने किंवा गटाने २०२१ पासून निरुपद्रवी छोटे पॅच पाठवायला सुरुवात केली; थकलेल्या एकट्या मेंटेनरवर इतर खात्यांकडून दबाव आला; हळूहळू या नावाला मेंटेनरचे अधिकार मिळाले, आणि फेब्रुवारी २०२४ मधल्या ५.६.० आवृत्तीतून चोरवाट आत गेली. २९ मार्च २०२४ रोजी विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती उघड केली. एसएसएचचे लॉगिन अर्धा सेकंद जास्त का घेते, याचा छडा लावताना ती त्यांना सापडली. म्हणजे धीर आणि साधने असलेल्याला हमी कमावता येते, आणि मार्च-एप्रिलच्या परीक्षा आणि जूनमधली पेरणी यांच्यामधल्या सुट्टीत एकच दुरुस्ती पाठवू शकणाऱ्याला ती कमावता येत नाही. बंद दाराने नेमके कोण बाहेर राहील याचा हा हिशेब मला अधिक काळजीचा वाटतो.

मोठ्या भाषांचे यात फारसे बिघडणार नाही. इंग्रजीतली चूक प्रकल्पाच्या आतल्या माणसांनाच दिसते. मराठीची गोष्ट वेगळी आहे. ‘ळ’ हा ‘ह’नंतर यावा आणि त्यामागून ‘क्ष’, ‘ज्ञ’ यावेत हा वर्णक्रम, ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे, ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये २००८ साली आलेले चिन्ह आणि त्याआधी जोडतोड करून लिहिलेले त्याचे रूप यांचा मेळ, शुद्धलेखन तपासणीचे कोश, महिन्यांची लघुरूपे: हे सगळे आतल्या माणसांना न दिसणारे आणि म्हणून बाहेरून आलेल्या छोट्या दुरुस्त्यांवरच जगणारे आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातून ‘लोहित’ टंक सांभाळला जात होता, त्या काळी मराठी जाणणारे पगारी हात आत होते. ते हात एकेका कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहतात. बाहेरची वाटही अरुंद झाली, तर मराठीच्या बाबतीत काही एका दिवसात मोडणार नाही. फक्त सापडलेल्या चुका वर्षानुवर्षे तशाच राहतील, आणि अधूनमधून ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करणारी एखादी सफाईदार दुरुस्ती आत जाईल, कारण तिला हरकत घेऊ शकणारा कोणी वाचायला उरलेला नसेल.

पाठवणाऱ्याच्या बाजूने एवढे करता येईल की तपासणीचा खर्च त्याने स्वतःकडे ओढून घ्यावा. कोडच्या आधी उदाहरणांच्या जोड्या पाठवाव्यात: हे दोन शब्द वेगळेच राहिले पाहिजेत, ही दोन लेखने मात्र एक मानली पाहिजेत. मराठीचा गंध नसलेल्या मेंटेनरलाही अशी यादी यंत्रावर चालवून पाहता येते, आणि पुढे आलेली प्रत्येक दुरुस्ती तिच्यावर घासून बघता येते. असे काम संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकेच मराठीच्या विद्यार्थ्यालाही जमेल, कदाचित अधिक चांगले.

पण ती यादी स्वीकारायलाही पलीकडे कोणीतरी लागतोच. जर्मनीने २०२२ मध्ये सार्वजनिक पैशातून अशा पायाभूत प्रकल्पांच्या देखभालीसाठी निधी सुरू केला. आपल्याकडे राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’, ‘यशोवेणू’ हे युनिकोड टंक उपलब्ध करून दिले, ते स्तुत्यच. टंकाचे लोकार्पण होते. तपासणीच्या तासांचे होत नाही, म्हणून ते अंदाजपत्रकात सुचत नाहीत. मराठीपुरते तरी दोन-तीन माणसांना नियमित वेतन देऊन, जगभरच्या प्रकल्पांना त्यांची नावे माहीत होतील इतकी वर्षे याच कामावर ठेवावे लागेल, म्हणजे कोकणातून वा मराठवाड्यातून आलेली अनोळखी दुरुस्ती वाचून तिच्यामागे ते उभे राहू शकतील. त्यांना कोणी जॉबर म्हटले तर ते फार चूक ठरणार नाही. फरक एवढाच की त्यांचे निकष लेखी असतील, नकाराचे कारण उघड नोंदवलेले असेल, आणि त्यावर दाद मागता येईल.