गुदडी धुवायची, पण पिळायची नाही

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद, पाऊस सरलेला आणि बुलढाण्याची हवा कोरडी. थंडी आमच्या या डोंगरावर लवकर येते, म्हणून अंथरूण-पांघरुणाच्या पेट्या उघडायच्या त्या याच दिवसांत. शेजारी तिला गोधडी म्हणतात, खेड्यात वाकळ म्हणतात, आमच्या घरात ती गुदडी.

या वर्षी सुट्टी लागली आणि संग्रामपूरहून खालाचा फोन आला. नानीच्या इंतकालाला दोन महिने झाले होते. शेवटचे चार महिने ती अंथरुणावरच होती आणि अंगाखाली तिनंच शिवलेली गुदडी होती. मामू म्हणत होते, नापाक झाली आहे, जाळून टाका. मुमानीचं म्हणणं, मशीनमध्ये घाला. खाला म्हणाली, "तू शिकलेली आहेस बेटा, अब तूही बोल, क्या करना?"

मशीनचं नाव ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आठ वर्षांपूर्वी दादीची गुदडी मी स्वतः मशीनमध्ये टाकली होती. गुदडी म्हणजे एक कापड नव्हे. जुन्या लुगड्यांचे, कुर्त्यांचे पाच-सहा थर धावदोऱ्यानं एकत्र धरलेले असतात. ती भिजली की इतकी जड होते की दोन बायांना उचलत नाही. मशीन ते सगळं वजन गरागरा फिरवतं आणि ओढ बसते ती साठ वर्षांच्या दोऱ्यावर. दार उघडलं तेव्हा वरचं कापड फाटलं होतं, लाल ठिगळाचा रंग सगळीकडे पसरला होता, आणि आतून दुसरीच एक बारीक फुलांची, त्याहून जुनी गुदडी दिसत होती. फाटत आलेली गुदडी पोटात घालून नवी शिवायची पद्धतच होती. ती आतली कुणाची, हे अम्मीलाही माहीत नव्हतं. अम्मी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मामूंची शंका मात्र खोटी नव्हती. गुदडी नापाक झाली होतीच. पण नापाक वस्तू पाक करता येते. हनफी मसलकात कपडा तीनदा धुवून दर वेळी पिळायला सांगितलं आहे. आणि जी वस्तू पिळता येत नाही, ती धुतल्यावर पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत तशीच राहू द्यायची, मग पुन्हा धुवायची, असं तीन वेळा. मामूंनी त्यांच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं. मला गंमत वाटली, कारण जुन्या कापडाला नेमकं हेच हवं असतं. पीळ बसला की टाके तुटतात.

गुदडी इकडे मागवून घेतली ती पाण्यासाठी. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका तयार होऊन कापडात बसतो आणि कापड ताठ होतं. तिकडच्या बहिणींनी अशा धुण्यासाठी पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं गोडं पाणी ठेवावं, आणि साबणाऐवजी रिठे घ्यावेत. रिठ्याचा फेस जड पाण्यातही येतो.

आधी प्रत्येक रंगाच्या ठिगळावर ओला पांढरा फडका दाबून पाहिला. एका हिरव्या तुकड्याचा रंग फडक्याला लागला, म्हणून गरम पाणी बाद, भिजत घालणंही बाद. रिठे रात्री भिजवून, सकाळी उकळून दोनदा गाळले; नाहीतर त्यांचा तपकिरी डाग राहतो. गच्चीवर चारी बाजूंना विटा लावून वर ताडपत्री अंथरली, तिच्यात जुनी मच्छरदाणी आणि मच्छरदाणीवर गुदडी. हातानं घासायचं नाही, ब्रश तर नाहीच. तळव्यानं दाबायचं आणि सोडायचं. पहिलं पाणी चहासारखं निघालं. उचलताना गुदडीला हात न लावता मच्छरदाणीची चार टोकं चौघींनी धरली आणि ती नवारीच्या खाटेवर ठेवली. ठिबकणं थांबायला पहिल्या खेपेलाच जुहरची वेळ झाली. तिसरी खेप मगरिबच्या आधी संपली.

वाळवायला दोन दिवस लागले, तेही सावलीत, उलटून पालटून. कडक उन्हात रंग उडतो. वरून कोरडी लागली तरी फसू नका. गाल लावून बघा, गार लागली तर आत ओल आहे आणि ती तशीच पेटीत गेली तर बुरशी धरेल.

रजईचं मात्र यातलं काही करू नका. तिच्यात सुटा कापूस असतो, भिजला की गोळे होतात. खोळ काढून धुवावी आणि कापूस पिंजाऱ्याकडे द्यावा. पूर्वी आपले नद्दाफ-मन्सुरी भाई खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार यायचे, त्या तातीचा आवाज मला अजून आठवतो. आता खामगावसारख्या कापसाच्या गावातही यंत्रच पिंजतं. जुन्या कापसाचा धागा आखूड, दर पिंजणीला थोडा उडून जातो, म्हणून मूठभर नवा मिसळायला सांगावा.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट होतं. पत्र्याच्या पेटीचा गंज कापडाला लागतो, म्हणून आधी धुतलेली सुती चादर अंथरावी. खळ देऊ नये, कसर खळीवरच येते. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर पुरचुंडीत, कापडाला न लावता. आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी. त्याच घडीवर वर्षानुवर्षं राहिली तर कापड तिथंच चिरतं.

गुदडी वाळत होती तेव्हा खाला खाटेजवळ बसून ठिगळं ओळखत होती. राखाडी कापड नानांच्या शेरवानीचं, पिवळं अम्मीच्या निकाहातल्या ओढणीचं. मी वहीत लिहून घेत होते. हिरव्या तुकड्यावर तिनं बराच वेळ हात ठेवला आणि म्हणाली, "ये अम्मा कोच मालूम था."

मामूंनी कालच फोन करून विचारलं, थंडीच्या आधी गुदडी परत मिळेल का.