कंटेनरचं भाडं नेमकं ठरतं कसं?

नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हूतींनी लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं. गाझावरचे हल्ले थांबेपर्यंत इस्राईलशी संबंधित जहाजं जाऊ देणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मात्र इस्राईलशी काही देणंघेणं नसलेल्या जहाजांवरही हल्ले झाले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मर्स्क, एमएससी, हापाग-लॉईड या बड्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे युरोपला जाऊ लागली. नेमका तेव्हाच नाशिकच्या द्राक्षांचा निर्यात हंगाम तोंडावर होता. न्हावा-शेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या थंड कंटेनरचे नवे दर ऐकून निर्यातदार हैराण झाले.

या वळशाने साधारण साडेतीन हजार सागरी मैल आणि दहा ते चौदा दिवस वाढतात. इंधन जास्त जळतं, हे उघड आहे. पण सुएझ कालव्याचा टोलही वाचतो, आणि तो मोठ्या जहाजाला लाखो डॉलर पडतो. मग भाडं दुप्पट-तिप्पट का? ड्रुरी या संस्थेच्या निर्देशांकात 40 फुटी कंटेनरचं सरासरी भाडं 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस 1,400 डॉलरच्या आत होतं. जानेवारी अखेरीस ते 4,000 च्या जवळ गेलं, आणि जुलै 2024 मध्ये 5,900 च्या आसपास.

खरी गोम इथेच आहे. भाडं अंतरावर कमी आणि जहाजातल्या मोकळ्या जागेवर जास्त ठरतं. समजा, एका मार्गावर दर आठवड्याला एक जहाज सुटतं आणि जाऊन-येऊन दहा आठवडे लागतात. म्हणजे दहा जहाजं लागली. तीच फेरी तेरा आठवड्यांची झाली, तर माल तेवढाच असूनही तेरा जहाजं हवीत. ही तीन आणायची कुठून? रिकामे डबेही तितक्याच उशिरा परततात. जागा कमी, मागणारे जास्त, की भाव चढला. कोविडच्या काळात तर क्षेपणास्त्रही नव्हतं आणि वळसाही नव्हता. तरी बंदरं तुंबली, डबे अडकले आणि सप्टेंबर 2021 मध्ये हाच निर्देशांक 10,000 डॉलरच्या वर गेला. कंपन्यांनी तेव्हा विक्रमी नफा कमावला, हेही विसरता येत नाही.

यावर पुन्हा युद्धजोखमीचा विमा, इंधन अधिभार, गर्दीच्या हंगामाचा अधिभार, बंदरातला हाताळणी खर्च, आणि डबा परत करायला उशीर झाला तर दंड. मोठे व्यापारी वर्षाचा करार करून ठेवतात, छोट्या निर्यातदाराला त्या दिवसाचा दर मोजावा लागतो. 'एफओबी' सौद्यात भाडं परदेशी खरेदीदार भरतो, म्हणून आपण सुटलो असं वाटतं. पण तो तेवढी रक्कम मालाच्या भावातून कापतो. शेवटी कात्री बागायतदाराच्याच खिशाला. बुकिंगआधी प्रत्येक अधिभार आणि तो कोणत्या तारखेपासून लागू, हे लेखी मागून घेतलेलं बरं.

जेद्दाहची गोष्ट आणखी वेगळी. ते बंदर लाल समुद्रावरच आहे. भारतातून तिथे जायचा सरळ रस्ता बाब-अल-मंडबच्या सामुद्रधुनीतून. तो धोक्यात आला की केपमार्गे जाऊन, सुएझ ओलांडून, उत्तरेकडून खाली यावं लागतं. तांदूळ-मसाल्यासाठी एवढी प्रदक्षिणा कोण घालणार? म्हणून काही माल दम्माम किंवा जेबेल अलीला उतरवून ट्रकने वाळवंटातून नेला गेला. तिथल्या आपल्या माणसांच्या किराण्यावर असाही बोजा पडतो.

या हिशोबात खलाशी कुठेच दिसत नाही. 6 मार्च 2024 ला 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी ठार झाले. नौदलाच्या आयएनएस कोलकाताने 21 जणांना वाचवलं, त्यांत एक भारतीय होता. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतला कर्ता पुरुष जहाजावर असतो, त्यांना हे वेगळं सांगायला नको. खलाशी संघटना आणि जहाजमालक यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय करारात युद्धजन्य क्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क आहे. गेल्यास त्या दिवसांचा जादा पगार आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाईही आहे. पण हा करार प्रत्येक जहाजाला लागू नसतो. आपल्या मुलाच्या करारपत्रात ही कलमं आहेत का, ते सही करण्याआधी वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.