यंत्राने गोठ्यात जावे



'गुरांच्या दवाखान्याला एवढी यंत्रे हवीत कशाला?' हा प्रश्न चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकला आहे. माणसाच्या उपचारांना विज्ञान लागते, गाईबैलांचे मात्र अनुभवावर भागते, अशी समजूत या प्रश्नामागे असते. माझे मत नेमके उलटे आहे. तुमचे पोट दुखू लागले, तर कुठे दुखते, कधीपासून दुखते, काल काय खाल्ले, हे तुम्ही डॉक्टरांना सांगता. बरेचसे निदान तिथेच होते. गाय यातले काहीच सांगत नाही. मग ज्या रुग्णाला बोलता येत नाही, त्याच्या बाबतीत मापनावर अधिक भिस्त ठेवायची की कमी?

साधी तापमापीच घ्या. गाईच्या कानाला हात लावून ताप ओळखण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस, तर निरोगी गाईचे सुमारे ३८.५ अंश असते. कोंबडीचे तर ४१ अंशांच्याही वर! त्यातून कान हा उष्णता बाहेर टाकणारा अवयव असल्याने तो हवेप्रमाणे गारही पडतो आणि गरमही होतो. तेव्हा पशुवैद्य गुदद्वारात तापमापी ठेवून वाट पाहतात, ते उगीच नव्हे.

दुसरे साधन म्हणजे चुंबक. तुम्हांला हसू येईल, पण ते खरोखरच गाईच्या पोटात घालतात. गाय चारा आधी भराभर गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यातला खिळा, तार किंवा सुई न कळत आत जाते आणि पोटाच्या चार कप्प्यांपैकी जाळीसारखे अस्तर असलेल्या कप्प्यात अडकते. हा कप्पा आकुंचन पावला की तारेचे टोक पुढे सरकते. पुढे छाती व पोट यांमधला पडदा आणि त्याच्या पलीकडे लागूनच हृदय! अशा तारेने गाय दगावू शकते. यावर उपाय म्हणून गाईला बोटाएवढे चुंबक गिळायला देतात. ते त्याच कप्प्यात जाऊन बसते, बहुधा जन्मभर तिथेच राहते आणि लोखंडाला धरून ठेवते. पोटात आधीच चुंबक आहे की नाही, हे पाहायचे असेल तर छातीच्या खालच्या बाजूशी होकायंत्र धरावे. सुई फिरली की उत्तर मिळाले. आमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण का नसते, कोण जाणे!

मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीपुढे चुंबकाचे काही चालत नाही. मोकाट गाईंच्या पोटातून अशा पिशव्यांचे गाठोडे शस्त्रक्रियेने काढावे लागते. क्ष-किरणांनाही पिशवी सहसा दिसत नाही, कारण प्लॅस्टिक काय किंवा चारा काय, दोन्ही हलक्या मूलद्रव्यांचेच बनलेले असतात.

क्ष-किरणांचा विषय निघालाच आहे, तर एक गणित करू या. शरीराच्या मऊ भागातून जाताना दर ४ सेंटिमीटरला किरणांची तीव्रता निम्मी होते, असे ढोबळ मानाने धरा. कुत्र्याच्या १२ सेंटिमीटर जाडीच्या पोटातून एक-अष्टमांश किरण पलीकडे पोचतील. गाईचे पोट ६० सेंटिमीटर रुंद धरले, तर निम्मे होण्याची क्रिया १५ वेळा होईल, म्हणजे ३२,७६८ भागांतला जेमतेम एक भाग पलीकडे जाईल. वाटेत विखुरलेले किरण चित्र धूसर करतात ते वेगळेच. गाईच्या पायाचे मोडलेले हाड पाहायला हेच यंत्र उत्तम, पण पोटापुढे ते हात टेकते.

२०२४ साली मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय सुरू झाले. तिथे सीटी स्कॅन, एमआरआय यांसारख्या सोयी आहेत. अशा रुग्णालयांना 'कुत्र्यामांजरांचे चोचले' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोटारीखाली सापडलेल्या कुत्र्याच्या वेदना काही खोट्या नसतात. परंतु आधुनिक पशुवैद्यक म्हणजे एवढेच, असे चित्र तुमच्या मनात ठसू नये. त्या यंत्राच्या वर्तुळात गाय मावणार नाही. मावली तरी दोन गाईंवर घर चालवणारा शेतकरी आजारी जनावर टेम्पोत घालून शंभर मैल नेणार कसा?

माझ्या मते गाईम्हशींच्या बाबतीत पहिला मान द्यायचा तो श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राला, म्हणजे सोनोग्राफीला. याचा लहान संच बॅटरीवर चालतो आणि पशुवैद्याच्या पिशवीत मावतो. शरीराच्या मऊ भागात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. वारंवारिता ५० लाख हर्ट्झ घेतली, तर तरंगलांबी ०.३ मिलिमीटर येते. तीस दिवसांचा गर्भ साधारण १ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे तो या तरंगांना सहज दिसतो. हाताने तपासून गाय गाभण आहे की नाही हे सांगायला सामान्यपणे दीड ते दोन महिने थांबावे लागते.

या फरकाचे मोल किती? गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. समजा, रेतन केले पण गर्भ राहिला नाही आणि एकविसाव्या दिवशीचा माज मुका गेला, म्हणजे कोणाच्या ध्यानात आला नाही. तिसाव्या दिवशी यंत्राने तपासले, तर बेचाळिसाव्या दिवशीचा माज साधता येतो. साठाव्या दिवशी हाताने तपासले, तर संधी त्रेसष्टाव्या दिवशी मिळणार. मधल्या २१ दिवसांचा कडबा आणि पेंड शेतकऱ्याच्या अंगावर पडते, आणि पुढचे वेत व दूध तितकेच लांबते. मला तरी एमआरआयच्या चित्राइतकेच हे २१ दिवस महत्त्वाचे वाटतात.

यंत्रे गोठ्यात नेणे व्यवहारात जमत नाही, असे कोणी म्हणेल. त्याने उरुळीकांचनकडे पाहावे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली तिथे 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. गाय केंद्रावर आणायची नाही, रेतन करणाऱ्याने शेतकऱ्याच्या दारी जायचे, ही पद्धत या संस्थेने रुजवली. गोठवलेल्या रेतमात्रा उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात. आपल्या थर्मासचा थोरला भाऊ शोभेल असे निर्वात भिंतींचे भांडे मोटारसायकलला बांधून माणसे खेड्यापाड्यांत जातात. (त्याचे झाकण सैल का ठेवतात, याचा विचार करा.) इतके थंड द्रव्य जर आडरस्त्याने गोठ्यापर्यंत पोचते, तर दप्तराएवढे यंत्र का पोचू नये?

आता १९६२ या क्रमांकावर (हे साल नव्हे, दूरध्वनीचा क्रमांक आहे) संपर्क साधला की फिरते पशुचिकित्सा पथक दारी यावे, अशी योजना सुरू झाली आहे. कल्पना अगदी योग्य आहे. परंतु गाडी म्हणजे दवाखाना नव्हे. सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतात त्या करड्या सावल्या. त्यांचा अर्थ लावायला पुष्कळ जनावरे तपासून मुरलेला डोळा लागतो, आणि यंत्राच्या किमतीबरोबर या शिक्षणाचाही खर्च धरावा लागतो. तो धरला नाही, तर यंत्र कपाटात जाते.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या सहलीत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुलांना तासभर न्यावे. डॉक्टरांची परवानगी आधी घ्यावी आणि खोड्यात उभ्या केलेल्या जनावरामागे गर्दी करू नये. मुलांनी यंत्रांची यादी करून आणावी. पण त्याचबरोबर प्रत्येक यंत्र मागच्या आठवड्यात किती वेळा वापरले आणि किती वेळा दवाखान्याबाहेर नेले, हेही विचारून लिहून आणावे.