संचालकपद म्हणजे शाल-श्रीफळ नव्हे!



आपल्या हुबळी-धारवाडातला मुलगा बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीत मोठा अधिकारी झाला की आपण त्याचा सत्कार करतो. तो पन्नाशीला आला की त्याची नजर मोठ्या कंपनीच्या बोर्डाकडे वळते आणि आपण त्याला गावच्या सौहार्द सहकारीच्या संचालक मंडळावर बोलावतो. जरूर बोलवा! पण साहेबांना ताळेबंद वाचता येतो का, हे कोण विचारणार?

संगणक जाणणारा संचालक आज हवाच. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी तिच्या संगणक यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. बहुतेक पैसे निघाले ते २८ देशांतल्या एटीएममधून! रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँक संचालकांच्या विशेष ज्ञानाच्या यादीत माहिती तंत्रज्ञानाचा समावेश केला होता, तो उगाच नव्हे.

पण नुसते संगणकज्ञानही पुरत नाही. हैदराबादची सत्यम आठवा. ती तर संगणकाचीच कंपनी. बोर्डावर पेंटियम चिपसाठी जगभर नावाजलेले विनोद धाम होते, हार्वर्डचे प्राध्यापक होते. तरीही ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच लिहून दिले की, ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोख व बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. ही मंडळी चोर होती असे मी म्हणत नाही. पण एवढी विद्वत्ता जवळ असून बँकेतली शिल्लक खरी की खोटी, हे कुणाला कळले नाही!

आम्हा बँकेतल्या कारकुनांना ठाऊक असलेली साधी गोष्ट सांगतो. शिल्लक दाखल्याचे पत्र बँकेकडून थेट लेखापरीक्षकाकडे गेले पाहिजे. ते कंपनीच्या हातून आले तर त्याची किंमत रद्दीची. संचालकाने सभेत एवढेच विचारावे : दाखला कुठल्या शाखेचा, आणि तो कुणी आणून दिला?

"ते सीए बघतील" हे उत्तर चालणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ ने काळजी, कौशल्य व स्वतंत्र निर्णयबुद्धी हे प्रत्येक संचालकाचे कर्तव्य ठरवले आहे. डिसेंबर २०१९ पासून स्वतंत्र संचालकांसाठी सरकारी नोंदवही आणि परीक्षाही आहे. पण ५० टक्के गुणांच्या परीक्षेने माणूस तयार होत नाही.

तयारी अशी करावी. तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून वाचावेत. नफा दिसतो, पण रोकड आली का, ते पाहावे. येणे रक्कम का फुगली, कर्ज संचालकांच्या नातलगांना किती गेले, हे विचारावे. लेखापरीक्षण अहवालातील शेरे आधी वाचावेत, छायाचित्रे नंतर. आणि कार्यालयात हुकूम सोडायची सवय विसरावी. संचालकाचे काम विचारण्याचे आहे. कारभार व्यवस्थापकाने करायचा.

ही शाळा मुंबईत शोधायला नको. आपली पतसंस्था, आपले सौहार्द हीच शाळा. पुढच्या वार्षिक सभेत संचालकपदासाठी नाव सुचवणाऱ्याला सभासदांनी एकच प्रश्न करावा : उमेदवाराने गेल्या वर्षीचा अहवाल वाचला आहे का? उत्तर 'नाही' असेल तर हार घाला, पेढा द्या. खुर्ची देऊ नका. तिथे ठेव तुमच्या-आमच्या म्हातारपणाची आहे!