साय चालते, मांस चालत नाही

आमच्या पातेल्यात काय शिजतं याची चौकशी या देशात सगळेच करतात. घरमालक करतो, शेजारीण करते, भगवं उपरणं घातलेला पोरगा करतो, पोलीस करतो. पातेल्यात काहीच शिजत नव्हतं तेव्हा मात्र एकही माईचा लाल विचारायला आला नव्हता.

तर दोस्तांनो, उत्तर देऊन टाकू. दिग्रसला, स्वतःच्या घरात, रविवारी संध्याकाळी आम्ही म्हशीचं मांस आणि अळंबी सायीत शिजवली. होय, मोठ्याचं. खिडकी उघडी ठेवून. हे लिहितो आहे ते तुमच्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून नाही. (सुटलं तर सुटू द्या.)

या पदार्थाला जगात मोठा मान आहे. बीफ स्ट्रोगॅनॉफ म्हणतात त्याला. स्ट्रोगॅनॉफ हे रशियातलं बडं सरदार घराणं. येलेना मोलोखोव्हेत्स नावाच्या बाईने आपल्या पाककृतींच्या पुस्तकात १८७१ साली तो छापला. त्यात मोहरी होती, आंबट साय होती. अळंबी मागाहून आली. नाव खाणाऱ्याचं पडलं, चुलीपाशी घाम गाळणाऱ्याचं नाही. ही रीत तिकडेही तीच.

आता मुंबईच्या बड्या हॉटेलात जा. कार्डावर 'टेंडरलॉईन' लिहिलेलं असतं. कुणाचं टेंडरलॉईन? ते जनावर कार्डावर नसतं. परदेशात नोकरीला गेलेला सदाशिव पेठेतला चिरंजीव स्टेक कापतो, त्याला अनुभव म्हणतात. आम्ही तेच मांस दिग्रसच्या वस्तीत कापलं की आमची जात बाहेर पडते! म्हशीचं मांस जहाजात चढलं की ते परकीय चलन. अशी मांस विकणारी जगातली मोठमोठी राष्ट्रं मोजली तर त्यात आपला हा अहिंसक भारत पहिल्या काहींत बसतो. तेच मांस आमच्या पातेल्यात पडलं की बाट.

आणि साय? साय त्याच म्हशीची. दूध डेअरीत जातं, तूप देवाच्या दिव्यात जातं, दही सत्यनारायणाच्या पंचामृतात जातं. म्हशीच्या सडापर्यंत पावित्र्य आणि सडाच्या वर चार बोटं गेलं की पाप. एकाच जनावराच्या अंगावर यांनी चातुर्वर्ण्य आखून ठेवलं आहे.

कायद्याचं बोलू, कारण आपल्या पोरांना त्यातलं अर्धंच माहीत असतं आणि त्या अर्ध्यावर पोलीस आणि गोरक्षक दोघेही पैसे खातात. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याने गाय आणि वासरू कापायला बंदी होती. बैल दाखला घेऊन कापता यायचा. १९९५ साली युती सरकारने बैल आणि वळूही बंदीत घातले. त्या विधेयकाला राष्ट्रपतींची सही मिळाली वीस वर्षांनी, आणि मार्च २०१५ पासून ते लागू झालं. कापलं तर ५ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड. बाहेरच्या राज्यातून रीतसर आणलेलं मांस घरात सापडलं तरी १ वर्ष. वर आणखी, आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचं! ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण ही शेवटची दोन कलमं उडवली. माणूस आपल्या घरात काय खातो ही त्याची खाजगी बाब आहे, असं कोर्टाने मानलं. खाजगी! ज्या माणसांच्या पाण्याचा घोटसुद्धा गाव पाहत होता, त्यांना कोर्टाने हा शब्द दिला. तो कागद जपून ठेवा.

आणि नीट ऐका. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. दाखला घेऊन ते कापता येतात, विकता येतात, खाता येतात. म्हणजे आम्ही रविवारी केलं त्यात बेकायदा तसूभर काही नव्हतं. तरी छातीत धडधड का होते? कारण २८ सप्टेंबर २०१५ च्या रात्री दादरीजवळच्या बिसाहड्यात फ्रीजमधल्या मांसावरून घरात घुसून एका माणसाला ठार मारलं. जमावाने जीव घेतला, आणि मग मांसाचा तुकडा तपासायला प्रयोगशाळेत गेला. आधी शिक्षा, मग तपासणी. त्याच्याही आधी, १५ ऑक्टोबर २००२ ला हरियाणात झज्जरजवळच्या दुलिन्यात मेलेल्या गाईचं कातडं नेतात म्हणून पाच दलितांना ठेचून मारलं. ११ जुलै २०१६ ला उन्याची पोरं. ती तर मेलेलं जनावर सोलत होती, जे काम हजार वर्षं यांनीच आमच्या गळ्यात बांधलं होतं. ओढलं नाही तर मार, ओढलं तरी मार.

आमच्या दिग्रसच्या भोवती सगळा कापसाचा मुलूख. यवतमाळ जिल्हा पेपरात कशासाठी येतो ते तुम्हाला सांगायला नको. इथला शेतकरी बैल म्हातारा झाला की विकायचा आणि त्यात भर घालून नवा गोऱ्हा आणायचा. २०१५ नंतर म्हातारा बैल कोण घेणार? त्याला खाऊ घालायला कडबा नाही, विकायला बाजार नाही. कुणबी-बंजाऱ्याचा बैल गोठ्यात अडकला, कुरेशीचं दुकान अडकलं, आमचं ताट अडकलं. २०२५ साली तर कुरेश्यांनी रस्त्यावरच्या मारहाणीला आणि वसुलीला कंटाळून राज्यात जनावरांची खरेदी-विक्रीच थांबवली, बंदी नसलेल्या म्हशींचीसुद्धा. तेव्हा बोंब कुणी मारली? ज्या शेतकऱ्याची भाकड म्हैस दावणीला उभी राहिली त्याने. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं, गोशाळेला गाईमागे दिवसाला ५० रुपये मंजूर केले. कापूस वेचणाऱ्या आमच्या मायला राज्याने कोणती पदवी दिली?

इथवर टाळ्या वाजवल्या असतील. आता घरातल्यांकडे वळतो.

आपला साहेब. आरक्षणावर नोकरी, कॉलनीत बंगला, हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, आणि मटण आणायचं तर काळ्या पिशवीत. मोठ्याचं तर नावच नको. वर आम्हालाच सुनावतो, "बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं होतं ना?" अहो साहेब, काय सोडायला सांगितलं होतं? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी सांगितलं ते मेलेल्या ढोराच्या मांसाबद्दल. गावाने फेकलेलं, आम्ही ओढून नेलेलं, आमचा 'हक्क' म्हणून आमच्या माथी मारलेलं. ते सोडणं म्हणजे गावकीचा दोर कापणं होतं. आपल्या पैशाने, दुकानातून, ताजं मांस विकत आणणाऱ्या मोकळ्या माणसाशी त्याचा संबंध काय? याच बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात पुराव्यानिशी मांडलं की ब्राह्मण एकेकाळी गोमांस खाणारे होते, बौद्ध धम्माला हरवण्यासाठी त्यांनी ते सोडलं, आणि जे खात राहिले त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली. म्हणजे आमच्या विटाळाचा उगम त्यांनी ताटात शोधला. आणि आम्ही ताट लपवतो!

दुसरा म्हणतो, आपण बौद्ध, बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे. आहे. ज्याला त्या दयेपोटी मनापासून सोडायचं त्याने सोडावं, त्याच्याशी आमचं भांडण नाही. पण भिक्षूंना मांस बंद करा ही मागणी बुद्धाकडे देवदत्ताने केली होती आणि बुद्धाने ती नाकारली होती. आपल्यासाठी मारलं असं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंका नाही, तर भिक्षेतलं मांस चालतं, हा विनय आहे. बाबासाहेबांनीही धम्माच्या ग्रंथात गरजेपोटी मारणं आणि मारण्याच्या हौसेपोटी मारणं यांत फरक केला. शेजारच्या अग्रवालाला काय वाटेल म्हणून सोडलं तर त्याला दया म्हणत नाहीत. त्याला भाडेकरूची भीती म्हणतात, घर स्वतःचं असलं तरी.

आता स्वयंपाक. बाप्यांनो, हे तुम्हीच करायचं आहे. क्रांती सांगून बायकोला चुलीशी बसवू नका.

अंडरकट मागा. नसेल तर मांडीचं घ्या, धाग्याच्या आडवं, बोटाएवढं लांब नि पातळ कापा. म्हातारी म्हैस असली तर कच्च्या पपईचा कीस अर्धा तास चोळून ठेवा, जास्त ठेवलं तर लगदा होतो. लोखंडी तवा धूर येईस्तोवर तापवा आणि मांस थोडं थोडं टाका. एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि भाजायचं ते उकडतं. बाजूला काढा. त्याच तव्यात कांदा, मग अळंबी, तिचं पाणी पुरतं आटू द्या. चमचाभर कणीक परता, वाटलेली मोहरी, काळी मिरी, वाटीभर हाडांचं पाणी. मांस परत टाका. नरम झालं की तवा खाली उतरवा आणि मगच फेटलेली साय आणि थोडं दही घाला. आचेवर घातलं तर फाटतं. जवारीच्या भाकरीशी झकास लागतं.

अळंबी बाजारात प्लास्टिकच्या डब्यात मिळते, पण पावसाळ्यात रानात उगवते तिची सर तिला नाही. आपल्याकडे कुणी तिला सात्या म्हणतं, कुणी टेकोडे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना कोणती खायची आणि कोणती विषारी हे पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारल्याशिवाय तोडू नका. अशीच एक म्हातारी आमच्या दाराशी वास घेत उभी राहिली. चाखलं. म्हणाली, "सायीत कायले घातलं बापू, वाया गेली साय. चान्या करून वाळवल्या असत्या तं महिनाभर पुरल्या असत्या." मग खालच्या आवाजात, "खिडकी लाव न, लोकं पाह्यतात." आणि लगेच स्वतःच म्हणाली, "जाऊ दे बाप्पा, चोरीचं थोडंच हाय."

तिने दोन वेळा घेतलं.

पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहोत. यवतमाळ, पुसद, दारव्हा, जिथून येणार असाल तिथून या. मांस आमचं, भाकरी तुमच्या तुम्ही आणा, आणि कॉलनीतल्या त्या साहेबालाही सोबत घेऊन या. काळी पिशवी मात्र घरीच ठेवायला सांगा.