मैलामागे तीन पेन्स

फेब्रुवारी 2007पर्यंत ब्रिटनमध्ये एका निवेदनाखाली 18 लाखांच्या आसपास सह्या जमल्या होत्या. मागणी एकच होती: गाडीवर पाळत ठेवून मैलाच्या हिशेबाने कर घेण्याचा बेत सोडा. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी सह्या करणाऱ्यांना ईमेलने उत्तर पाठवले, पण लोकांचे समाधान झाले नाही आणि तो बेत बारगळला. पुढच्या वर्षी मँचेस्टरनेही गर्दीच्या शुल्काला सार्वमतात सुमारे 79 टक्के मतांनी नकार दिला. आता अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी एप्रिल 2028पासून विजेच्या गाड्यांवर मैलामागे 3 पेन्स आणि प्लग-इन हायब्रिड गाड्यांवर दीड पेन्स कर जाहीर केला आहे. विरोधही परतला आहे. त्यातला एक आक्षेप खरोखर मोलाचा आहे. बाकीचे तपासले की ढासळतात.

पहिला आक्षेप असा की, रस्ता वापरायचे पैसे घेणे ही नवीच जुलूमशाही आहे. यात नवे काय आहे? लॉइड जॉर्ज यांच्या 1909च्या अर्थसंकल्पाने गॅलनमागे 3 पेन्स पेट्रोलकर बसवला, तेव्हापासून, मधली काही वर्षे सोडली तर, ब्रिटिश चालक वापराप्रमाणेच पैसे भरत आला आहे. 2022च्या कपातीनंतर हा कर लिटरला 52.95 पेन्स झाला. गॅलनमध्ये साडेचार लिटर आणि गाडी गॅलनला 40 मैल जाते असे धरले, तर मैलामागे 6 पेन्स होतात. वर मूल्यवर्धित कर वेगळा. म्हणजे वर्षाला 8,000 मैल चालणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीचा मालक सुमारे 480 पौंड देतो. तेवढाच रस्ता वापरणाऱ्या विजेच्या गाडीकडून नव्या दराने 240 पौंड मागितले जातील. इंधनकरातून सरकारला वर्षाला 24 अब्ज पौंडांच्या आसपास मिळतात. पेट्रोल गाड्या कमी होतील तशी ही रक्कम आटत जाणार, आणि मैलाचा कर नको म्हटले तर ती खोट अशा लोकांकडूनही भरून घ्यावी लागेल, ज्यांना नवी गाडी परवडत नाही किंवा जे बसने जातात. न्यायाची चाड असणाऱ्यांनी वेगळ्या ठिकाणी बोट ठेवायला हवे. घरी गाडी चार्ज करणाऱ्याला विजेवर 5 टक्के मूल्यवर्धित कर लागतो. ज्याच्या घराला गाडी लावण्याची जागा नाही, त्याला सार्वजनिक चार्जरवर 20 टक्के. अशा लोकांवर पडणाऱ्या या भुर्दंडाविरुद्ध 18 लाख सह्या जमल्या असत्या, तर ते निवेदन डोक्यावर घेण्याजोगे ठरले असते.

मोलाचा आक्षेप पाळतीचा. माणूस कोणत्या दवाखान्यात गेला, कोणत्या सभेला गेला, रात्री कुठे थांबला, हे सरकारदरबारी नोंदले जाऊ नये, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे आणि 2007 साली तिच्यासाठी उभे राहिलेल्या लोकांचे ऋण मानले पाहिजे. पण मैल मोजायला ठिकाण कळावे लागत नाही. न्यूझीलंडमध्ये 1978पासून डिझेल गाड्यांचे मालक हजार-हजार किलोमीटरचे परवाने आगाऊ विकत घेतात. हलक्या गाडीचा हिशेब ओडोमीटरवरून होतो. एप्रिल 2024पासून विजेच्या हलक्या गाड्यांनाही हजार किलोमीटरला 76 डॉलर लागू झाले. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि ओडोमीटरचा आकडा तेव्हाच नोंदला जातो. कर आकारायला तो पुरेसा आहे.

या निवडीची किंमत मात्र आहे, आणि ती लपवून चालणार नाही. तेव्हाचे वाहतूकमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी 2005 मध्ये मांडलेल्या आराखड्यात निवांत ग्रामीण रस्त्यावर मैलाला 2 पेन्स, तर ऐन गर्दीच्या रस्त्यावर 1 पौंड 34 पेन्सपर्यंत दर होता. म्हणजे खेड्यातल्या चालकाला स्वस्त पडणारी योजनाच त्या विरोधाने गाडली. ओडोमीटरला खेडे आणि लंडन यांतला फरक कळत नाही. तरीही सक्तीची पाळत पत्करण्यापेक्षा सपाट दर बरा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2015 मध्ये ऐच्छिक योजना सुरू केली, तिच्यात ठिकाण नोंदवणारे किंवा न नोंदवणारे उपकरण चालकाने स्वतः निवडायचे असते. सवलत हवी असणाऱ्या ग्रामीण चालकाला ब्रिटननेही अशी निवड द्यावी.

विजेच्या गाड्यांची विक्री घटेल, ही भीती खोटी नाही. सरकारी अंदाजपत्रकाची छाननी करणाऱ्या स्वतंत्र कार्यालयानेच या करापायी सुमारे 4 लाख 40 हजार गाड्या कमी विकल्या जातील, असा अंदाज दिला. नव्या अनुदानांनी त्यातली काही घट भरून निघेल. म्हणून पेट्रोल गाडी आणि विजेची गाडी यांच्या मैलाच्या खर्चातली तफावत टिकवली पाहिजे. शून्य कर हा मात्र कायमचा उपाय होऊ शकत नाही. विजेची गाडीही रस्ता अडवते आणि तिचेही टायर झिजून हवेत कण सोडतात.

उरतो विश्वासाचा प्रश्न, आणि तो कोल्हापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने शहरातल्या टोलविरुद्ध जे आंदोलन झाले, त्याचा रोख रस्त्यांच्या कामाच्या दर्जावर आणि कंत्राटाच्या हिशेबावर होता. सरकारला टोल रद्द करावा लागला. याच महाराष्ट्रात समृद्धी महामार्गाचा टोल किलोमीटरच्या हिशेबाने लागतो आणि गाड्या त्यावरून धावतात. ब्रिटिश चालकाचा संशयही असाच आहे: पैसा रस्त्यावर खर्च होणार का? वाहनकर रस्त्यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत तिथे 1937 मध्येच मोडली. संसदेने 2028पूर्वी कायद्यातच लिहावे की, मैलाच्या करातला ठरावीक वाटा स्थानिक रस्त्यांच्या दुरुस्तीला जाईल, ओडोमीटरखेरीज कसलीही माहिती सक्तीने घेतली जाणार नाही आणि दरवाढ संसदेच्या मतदानाशिवाय होणार नाही. विरोधकांनी सह्या या तीन कलमांसाठी गोळा कराव्यात.